अर्ध्यावर सोडलेली भिंत

बांधकामावर परांचीचा पाइप डोक्यात बसला तेव्हा मिस्त्री मटकन खाली बसला, पण बेशुद्ध काही पडला नाही. तिथंच सगळं चुकलं. चार टाके पडले असते, डोक्याला पांढरी पट्टी बांधली असती, तर लोकांनी निदान हळहळून तरी विचारलं असतं. डॉक्टर म्हणाले, किरकोळ मार आहे, रिपोर्ट स्वच्छ आहे. किरकोळ म्हणे! त्या किरकोळ मारानं माणसाची पार दैना केली. उजेड सोसेना, वाकलं की घर फिरायचं, बोलता बोलता शब्द हरवायचे, ताटात चमचा वाजला तरी कपाळात कळ जायची. एकदा लेकीच्या हातून डबा पडला म्हणून तो तिच्या अंगावर धावून गेला आणि मग मोरीचं दार लावून रडला.

थोरला भाऊ त्याच कामावरचा कंत्राटदार. दादा दर चार दिवसांनी दारात उभा राहायचा. "दिसायला तर ठणठणीत आहेस. रिपोर्टात काही दिसत नाही. बसून खायची सवय वाईट रे," असं म्हणून चहा पिऊन जायचा. मिस्त्रीची तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मस्तकात तर आधीच जागा नव्हती.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. चालताना मान वळवायची, ठिपक्यावर नजर धरून डोकं हलवायचं, थोडं वाचायचं, असले बारीकसारीक प्रकार. "दुखायची चाहूल लागली की थांबायचं," बाई बजावून सांगायच्या. मिस्त्री मान डोलवायचा आणि घरी येऊन भलतंच करायचा. हाडाचा गिलावेवाला तो. भिंतीला माल लावायला घेतला की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मध्ये पाणीसुद्धा प्यायचं नाही. अर्ध्यावर हात थांबला तर माल वाळतो आणि सांधा जन्मभर दिसतो. अर्धी भिंत सोडणाऱ्याला त्यांच्यात कुणी मिस्त्री म्हणत नाही. म्हणून हा गडी दातओठ खाऊन प्रत्येक व्यायाम शेवटापर्यंत न्यायचा, मग ओकायचा आणि पडदे ओढून दिवसभर पडून राहायचा.

शेवटी बाईंनीच विचारलं, "काल कुठं थांबलात?"

"थांबलोच नाही," मिस्त्री छाती काढून म्हणाला.

बाईंचा पारा चढला. "अहो, रोज खपली काढताय आणि मला विचारताय जखम का भरत नाही! ही भिंत नाही, डोकं आहे तुमचं."

मिस्त्रीला बाईंचा राग आला, मग स्वतःचा आला. पण दुसऱ्या दिवसापासून तो थांबायला लागला. चोरी केल्यासारखी लाज वाटायची, तरी थांबायचा. हळूहळू ओकाऱ्या गेल्या. लेक परत त्याच्याजवळ बसून अभ्यास करायला लागली.

तेवढ्यात दादाचा निरोप आला. सोमवारी ये, सगळ्यांसमोर एक भिंत कर, नाहीतर तुझ्या जागी मी दुसरा बघितलाय.

"अहो, भाऊजींना नीट समजावून सांगा ना," बायको म्हणाली.

"सांगून कळणाऱ्यातला आहे का तो?" मिस्त्री म्हणाला आणि थापी शोधायला उठला.

सोमवारी हात छान चालला. इतके दिवस सुटलेलं काम, पण माल भिंतीला बसत होता आणि मिस्त्रीला मनातून गार वाटत होतं. अर्ध्या भिंतीवर आल्यावर कानात बारीक गुणगुण सुरू झाली. दुखत काहीच नव्हतं. त्यानं थापी घमेल्यात ठेवली.

"काय रे, दुखतंय?" दादानं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं. हो म्हटलं असतं तर मिटलं असतं.

"नाही."

"मग थांबलास कशाला?"

"दुखायच्या आधी थांबायचं असतं."

दादा हसला, म्हणून बाकीचेही हसले. "घ्या! दुखत नाही आणि काम होत नाही. नाटकं दुसऱ्याला दाखव. माल वाळतोय, उचल थापी. सांधा दिसेल."

घमेलं उचलून याच्या डोक्यात घालावं आणि मग याचा रिपोर्ट बघावा, असं मिस्त्रीला वाटलं. पण आवाज चढवला की कपाळ फुटतं, म्हणून तो दातांतल्या दातांत बोलला.

"दिसू दे. रिपोर्टात तुला काही दिसलं नाही ना? मग इथं बघ. येता जाता बघ."

"उद्या येऊ नकोस मग."

"येणार. उरलेली भिंत करणार, आणि दुखायच्या आधी थांबणार. जागा दुसऱ्याला द्यायची तर खुशाल दे, दादा. पण मी आजारी आहे म्हणून दे. मी खोटारडा आहे म्हणून देऊ नकोस."