चार बोटं खाली

सिलोने म्यानाची वादी दातांनी ओढून सैल केली, तशी गॅवियसची तलवार कमरेवरून उजव्या मांडीवर उतरली.

“आणखी उतरवली तर पायात अडकून पडशील, म्हाताऱ्या.”

“पडलो तर तुझ्याच अंगावर पडेन. बांध.”

शिपायाच्या डाव्या हातात ढाल, म्हणून तलवार उजवीकडे. मनगट उलटं करून मूठ धरायची, कोपर उंच उचलायचं आणि पातं सरळ वर उपसायचं. हिवाळ्यात तटावरून पडल्यापासून गॅवियसचं कोपर छातीच्या वर जात नव्हतं. हे एकट्या सिलोला ठाऊक होतं. उद्या नदीपार चढाई होती. आजच्या तपासणीत ज्याची तलवार अडेल, त्याची रवानगी सामानाच्या खेचरांकडे. मग सिलोच्या उजव्या अंगाला, जिथे इतकी वर्षं गॅवियसची ढाल होती, तिथे कुणीतरी नवखा उभा राहणार.

शिंग वाजलं. शतनायक मामिलियस रांगेसमोरून चालत आला. नायकांच्या रिवाजाप्रमाणे त्याची तलवार डावीकडे होती. डाव्याच हातातल्या काठीने त्याने गॅवियसच्या म्यानावर टिचकी मारली.

“ही तलवार आहे की गुराच्या गळ्यातलं लोढणं?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“कातडं ताणलंय, नायक,” गॅवियस म्हणाला.

“सिलो, चढव वर.”

सिलोने वादी आवळली. त्याची बोटं फार सावकाश चालत होती.

“काढ.”

गॅवियसने मूठ धरली. कोपर वर आलं आणि थांबलं. अर्धं पातं बाहेर, अर्धं म्यानात.

मामिलियस त्या कोपराकडे पाहत राहिला.

“ठेव,” तो म्हणाला आणि रांगेकडे वळला. “पाण्यात म्यानं फुगतात. सगळ्यांनी तलवारी चार बोटं खाली घ्या.”

“सगळ्यांनी, नायक?” रांगेतून कुणीतरी विचारलं.

“का? तुझं म्यान बदकाच्या कातड्याचं आहे?”

रांग कुरकुरत वाद्या सोडू लागली. सिलोने गॅवियसची वादी पुन्हा सैल केली. गॅवियसने पुन्हा मूठ धरली. या वेळी पातं अलगद बाहेर आलं.

पुढे गेलेल्या मामिलियसच्या शिरस्त्राणाचा तुरा वाऱ्याने कलला. काठी डाव्या काखेत धरून तो सरळ करायला त्याने उजवा हात उचलला. हात खांद्यापाशी येऊन थांबला. मग मान खाली वाकली आणि तुरा हाताशी आला.

“पाहिलंस?” सिलो पुटपुटला.

गॅवियसने ढाल थोडी डावीकडे, सिलोच्या अंगावर सरकवली.

“समोर बघ.”