सायंशाखेची सुनावणी

पणजीने विद्यापीठाचे वर्ग झाडले. आजीने त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहाचे स्वयंपाकघर सांभाळले. आई दिवसभर कापडाच्या दुकानात उभी राहून संध्याकाळी त्याच वर्गांत गेली, पण झाडायला नव्हे, शिकायला. चौथ्या पिढीची जी, तिला विद्यापीठाने खुर्ची दिली आणि दोन लोखंडी कपाटे दिली. एका कपाटात राज्याचे कायदे, दुसऱ्यात केंद्राचे. विधिमंडळात किंवा संसदेत शिक्षणाचे कोणतेही विधेयक आले की त्याने विद्यापीठाचे काय भलेबुरे होईल याचे टिपण लिहायचे, ही तिची नोकरी. प्रत्येक टिपणाच्या शेवटी ती एखादी दुरुस्ती सुचवी, म्हणून साऱ्या इमारतीत तिला दुरुस्तीताई म्हणत. नवराही तेच म्हणे. भाजी अळणी झाली तर ही मीठ मागत नाही, दुरुस्ती मांडते, अशी त्याची तक्रार होती.

त्या दोन कपाटांनी तिचा जीव मेटाकुटीला आणला होता. राज्य म्हणे फी वाढवू नका, केंद्र म्हणे स्वतःचे उत्पन्न वाढवा. राज्य नेमणुका रोखून धरी, आणि शिक्षक कमी आहेत म्हणून केंद्र अनुदान कापी. एका घरात दोन सासवा असाव्यात आणि एकीने दार उघड म्हणताच दुसरीने वारा येतो म्हणावे, तशातली गत. सुरुवातीच्या वर्षांत ती तावातावाने टिपणे लिही. आता पेन उचलण्याआधी ती चष्मा काढून डोळे चोळी, आणि बराच वेळ चोळतच राही.

त्या वर्षी राज्याने विद्यापीठाचा कायदाच नवा करायला घेतला. जुन्या कायद्यात एक ओळ होती: विद्यापीठाच्या प्रत्येक आवारात, कामकरी माणसांसाठी, सायंशाखा चालवली जाईल. नव्या विधेयकात ती ओळ नव्हती. कुठेही बंद हा शब्द नव्हता, नुसती ओळ गळलेली. मात्र केंद्राच्या कायद्यानुसार सायंशाखेचे अनुदान तिथेच मिळे, जिथे राज्याच्या कायद्यात तिचे नाव असे. म्हणजे राज्याने नाव गाळायचे, केंद्राने त्याकडे बोट दाखवून हात आखडता घ्यायचा, आणि शाखा आपोआप मरायची. मारल्याचे पाप कोणाच्याच माथी नाही.

तिने टिपण लिहिले, दुरुस्ती सुचवली. कुलसचिवांनी ते वाचले आणि तिला आत बोलावले. माणूस वाईट नव्हता, तोही थकलेलाच होता. याच विधेयकात विद्यापीठाला नवी इमारत कबूल झाली आहे, कुलगुरू त्या इमारतीसाठी चार वर्षे खेटे घालत आहेत, तेव्हा विधिमंडळाच्या समितीपुढे विद्यापीठाची भूमिका एकच, आक्षेप नाही, असे त्यांनी तिला समजावले. ते सांगायला तिनेच जायचे होते, कारण विद्यापीठाच्या वतीने बोलणे तिच्याच नोकरीत येत होते.

“आणि सायंशाखा?” तिने विचारले.

“वर्ग रिकामे असतात, ताई. सरकारची माणसं मोजून गेलीत.”

“कधी मोजले?”

“ते मला कशाला विचारता?” ते म्हणाले, आणि पुढची फाईल ओढली.

घरी तिने आईला सगळे सांगितले. आईचे गुडघे आता जिन्यावर साथ देत नव्हते, पण कान शाबूत होते. ऐकताना दोघींनाही एकच जुनी गोष्ट आठवत होती.

जुना कायदा झाला तेव्हाची ती गोष्ट. त्याही वेळी समिती बसली होती. आई दुकानातून तशीच धावत गेली होती, पण बोलणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव नव्हते. यादीत होते ते सायंशाखेचे प्रमुख. वर्ग सुटल्यावर शेवटचा दिवा स्वतः मालवून जात, म्हणून विद्यार्थी त्यांना दिवाबत्तीसर म्हणत. समितीचा एक रिवाज होता, आणि अजूनही आहे: ज्याचे नाव पुकारले जाईल त्याने आपली बोलण्याची वेळ दुसऱ्याला देऊन टाकली, तर समितीला त्या दुसऱ्याचे ऐकावेच लागते. मात्र दिलेली वेळ परत मिळत नाही. सर विद्यापीठाने लिहून दिलेले भाषण करायला उभे राहिले, आणि मागे उभ्या असलेल्या, हातावर कापडाच्या रंगाचे निळे डाग पडलेल्या त्या बाईला त्यांनी आपली वेळ देऊन टाकली. आई बोलली, आणि ती ओळ कायद्यात आली.

पुढच्याच आठवड्यात सरांची बदली उत्तरपत्रिकांच्या गोदामात झाली, आणि निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. आई दरवर्षी फळांची पिशवी घेऊन त्यांच्या घरी जाई. ते म्हणत, मला तिथे वाचायला शांतता मिळाली. आई घरी येऊन म्हणे, त्या माणसाचं बोलणं मी खाल्लं. रिकाम्या हाताने तिने त्या घराचा उंबरा कधी ओलांडला नाही.

सुनावणीच्या दिवशी दालन गच्च भरले होते. पंखा कुरकुरत होता, सदस्यांपुढे चहाचे कप गार होत होते, आणि एक सदस्य डोळे मिटून लोकशाहीचे चिंतन करीत होते. दुरुस्तीताई हातात ‘आक्षेप नाही’चा कागद घेऊन बसली होती. मागे वळून पाहते तो शेवटच्या बाकावर दिवाबत्तीसर. काठी गुडघ्यांत धरलेली, कोटाची गुंडी एक घर चुकलेली. नोंदणीची मुदत आदल्या दिवशीच संपल्याचे दारावरच्या लिपिकाने त्यांना गोड शब्दांत सांगितले होते. तरी ते बसून राहिले होते. निदान ऐकावे म्हणून.

तिच्या नोकरीची अजून आठ वर्षे होती, धाकटीचे शिक्षण व्हायचे होते. गोदाम म्हणजे काय ते ती जाणून होती. तिथून कोणी वर येत नाही, नुसते निवृत्त होतात.

तिचे नाव पुकारले गेले. ती उठली, कागद समितीच्या सचिवांपुढे ठेवला आणि म्हणाली, “विद्यापीठाची भूमिका लेखी दिली आहे. माझी बोलण्याची वेळ मी मागे बसलेल्या सरांना देते.”

कुलसचिवांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिले, आणि सचिवांनी नाइलाजाने मान डोलावली.

सर पुढे यायला बराच वेळ लागला. बोलायला लागले तेव्हा आवाज इतका खाली होता की डोळे मिटलेल्या सदस्यांनाही ते उघडावे लागले. ते म्हणाले, “वर्ग रिकामे असतात असं विधेयकाच्या कारणांत लिहिलंय. खरं आहे. तुमची माणसं सहाला आली होती, कारण त्यांची परतीची गाडी सातला होती. आमची माणसं कामावरून सुटतात साडेसातला. आठनंतर या. उभं राहायला जागा मिळाली तर मला खोटं म्हणा.”

दालनात कोणीतरी हसले. अध्यक्ष हसले नाहीत. जुन्या सुनावणीची नोंद चाळत त्यांनी विचारले, “जुना कायदा झाला तेव्हा तुम्हीच प्रमुख होता ना? तेव्हा का नाही बोललात?”

“बोलणार होतो,” सर म्हणाले. “पण माझ्यापेक्षा जास्त घाई असलेलं माणूस मागे उभं होतं.”

समितीने पुन्हा माणसे पाठवली, या वेळी आठनंतर. ती ओळ नव्या कायद्यात जशीच्या तशी आली, आणि तिच्यामागून केंद्राचे अनुदानही राहिले. इमारत पुढच्या अधिवेशनावर गेली. कुलगुरूंनी दुरुस्तीताईच्या बदलीवर सही केली. आदेश शिपायाने आणून दिला, आणि देताना त्याने नजर खाली वळवली.

संध्याकाळी आईने विचारले, “कुठे टाकलं?”

“उत्तरपत्रिकांच्या गोदामात.”

लेकीसाठी आईचे डोळे भरून आले, ते तिने पदराने टिपले. मग ती म्हणाली, “त्यांची वेळ परत केलीस. शिक्षाही तीच घेतलीस. आता त्यांचं देणं काही राहिलं नाही. रविवारी मला त्यांच्याकडे घेऊन चल.”

रविवारी मायलेकी जिना चढल्या, प्रत्येक पायरीवर थांबत. वाटेत फळांचे दुकान लागले होते, आईने तिकडे मान वळवली नव्हती. सरांनी दार किलकिले केले, सवयीने आधी आईच्या हातांकडे पाहिले. हात रिकामे होते. त्यांनी दार पूर्ण उघडले आणि आत चहाचे आधण ठेवायला सांगितले.