तीर्थात तरंगलेलं भात

दोन हजार तेवीस साली मृग कोरडा गेला. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीत पालापाचोळ्याचा राब भाजून पेरलेलं भात उगवलं आणि करपलं. पाऊस गेली काही वर्षं असाच बिनभरवशाचा झाला होता. पण यंदा त्याचं कारण सांगणारा माणूस भेटला. बिरवाडीहून रिक्षाने आला.

वरुणबाबा! भागोजीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो घरचं उरलेलं बियाणं मुठीत घेऊन आलेला. बाबा ते घंगाळातल्या तीर्थात टाकत आणि सगळं भात वर तरंगे.

"पाहिलंत? वरुणाने टाकलेलं बियाणं! सावित्री नदीत सोडा!"

मग झोळीतलं स्वतःचं बियाणं ते दुसऱ्या घंगाळात सोडत. ते थेट तळाला जाई. "हे सिद्ध बियाणं, दक्षिणा ठेवून न्या. ज्याच्या घरी हे, त्याच्या मागे पाऊस चालत येईल."

"चालत? मग पोचायला दिवाळी होईल," ठमाबाई म्हणाली.

"वैनी, गप बसा. देवाचा मानूस हाय," दीर भागोजी डाफरला. त्याने स्वतःचं बियाणं सकाळीच नदीला दिलं होतं. आता त्याच्या हातात ठमाबाईची मुडी होती. पेंढ्यात बांधलेलं हळवं भात, पाऊस उशिरा आला तरी लवकर पिकणारं. वाडीत इतरांनी ते पेरणं केव्हाच सोडलं होतं. कापणीनंतर सासू तिला शेजारी बसवून बियाण्याच्या लोंब्या निवडायला शिकवायची. त्यातलं एवढंच उरलेलं.

तिचं मूठभर भात तीर्थात पडलं. तरंगलं. भागोजीने मुडी खांद्यावर टाकली. ठमाबाई ती ओढून घ्यायला पुढे सरसावली. पण समोर तीर्थ म्हटल्यावर जन्माच्या सवयीने तिचा उजवा हात पुढे गेला, पळीभर तळव्यात घेऊन ती प्यायलीसुद्धा.

"अहो, ते प्यायचं नसतं!" बाबा किंचाळले.

ठमाबाईने तोंड वेडंवाकडं केलं. "मेल्या, तीर्थ हाय का खारवलेल्या कैऱ्यांचं पाणी?"

"साक्षात समुद्रदेव उतरलेत त्यात!"

"मग मासली कुठं हाय?"

अंगण खदखदून हसलं. शाळेच्या राजश्रीबाई पुढे आल्या. त्यांनी बाबांचं सिद्ध बियाणं तीर्थात टाकलं. तरंगलं! ठमाबाईचं दुसऱ्या घंगाळातल्या साध्या पाण्यात टाकलं. बुडालं!

"मीठ भरपूर विरघळलं की पाणी जड होतं," बाई म्हणाल्या. "त्यात चांगलं भातही वर येतं. मीठ बेताचं घातलं तर फक्त पोचट दाणे तरंगतात. पेरणीआधी असंच तर बियाणं निवडतात. चमत्कार कसला? पाऊस बिघडला म्हणून घरचं बियाणं फेकायचं नाही. उशिराच्या पावसाला हळवं, वेळेवर आला तर सावकाश पिकणारं गरवं, दोन्ही जपून ठेवायचं. आणि सांगणाऱ्याला विचारायचं: दाखव कसं ते."

भागोजीने मुडी हळूच खाली ठेवली.

महिनाअखेर पाऊस आला. तोवर वाडीच्या तक्रारीवरून बाबांना पोलिसांनी नेलं होतं. जामिनावर सुटल्यावर ते या बाजूला फिरकले नाहीत. राजश्रीबाईंची बदली झाली, पण पेरणीच्या सुमारास अजून फोन करतात. ठमाबाईने मुडीतलं अर्धं बियाणं भागोजीला दिलं. त्याच्या खाचरात दसऱ्यालाच कापणी झाली, आणि आता तो पाहुण्यांना ऐटीत सांगतो, "आमच्या घरातलं जुनं बियानं हाय, मी सांभाललं." ठमाबाई ऐकते आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढते.