नॉर्मनचा बेस आणि गार वाटाणे

बाबांना शेवटचा निरोप देऊन आम्ही दुपारी आमच्या क्रॅडली गावच्या कामगार क्लबात आलो. बाबा, म्हणजे नॉर्मन टाँक्स, साखळ्यांच्या कारखान्यात राबले. तरुणपणी ते चौघांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचे. बहात्तर साली त्यांची एकच रेकॉर्ड निघाली. होती ब्लूजच, पण जड, खालच्या सुरात गुरगुरणारी. फारशी कुणी घेतली नाही. आईचं डोकं दुखायचं म्हणून घरी ती कायम हळू लागायची आणि हळू आवाजात बेस विरून जातो. एकदा तरी बाबांना मोठ्या आवाजात, चार माणसांत बसून ऐकायचं होतं मला.

बँडचा ड्रमर होरेस याने रेकॉर्डची दुसरी बाजू लावली. त्या बाजूला बाबा जास्त आहेत. बेस सुरू झाला आणि भिंतीवरच्या पेटीत लाल दिवा लागून स्टेजची वीजच गेली. आवाज वाढला की ती पेटी वीज तोडते. शेजाऱ्यांच्या तक्रारींनंतर बसवलेली.

"मेल्यावरसुद्धा स्वस्थ बसत नाही," होरेस म्हणाला.

"हळू वाजव म्हणून पन्नास वर्षं सांगत होते मी त्याला," क्लबची सेक्रेटरी मॉरीन म्हणाली.

"मग? ऐकलं त्याने?"

"माझं कोण ऐकतंय इथे."

आवाज कमी करून पुन्हा लावली. गिटार होती, झांजा होत्या.

"मॉरीनआंटी, यात बाबा नाहीतच."

तिने आतल्या दाराकडे बोट दाखवलं. "स्वयंपाकघरातला प्लग त्या पेटीवर नाही, बाळ. पण त्यावर वाटाणे-बेकनचं विजेचं भांडं चालू आहे. ते काढलं तर सगळं गार होईल."

"लोकांनाच विचार ना," होरेस म्हणाला.

मॉरीन खुर्चीवर चढली. "ऐका रे, वाटाणे गरम हवेत की नॉर्मन मोठ्याने?"

"दोन्ही," मागून एक म्हातारा म्हणाला.

"दोन्ही नाही मिळणार, सिरिल."

"मग नॉर्मन. वाटाणे काय, उद्याही मिळतील."

लांब वायर ओढली. या खेपेला बेस जमिनीतून वर आला. टेबलावरचे ग्लास बारीक थरथरले. प्रत्येक ठोक्यामागून किंचित उशिरा, घाई नसलेल्या माणसासारखे बाबा येत होते.

"लोक म्हणायचे, नॉर्मन मागे पडतो," होरेस माझ्या कानाशी म्हणाला. "मागे कसला. मीच पळायचो."

गार वाटाणे खात सगळे ऐकत होते. बाजू संपली, सुई खरखरत राहिली.

"पहिली बाजू राहिली ना?" मॉरीन म्हणाली. "मग उलटा की ती."