वारसाच्या रकान्यातली चंद्राबाई

हवालदार सावळारामाचे मृत्युपत्र भाताच्या कणगीच्या तळाशी होते, आणि कणगी काठोकाठ भरलेली होती.

"उंदरांनी खाऊ नये म्हून ठिवलं तितं," तो म्हणाला. "पत्र्याच्या नळकांड्यात घालून."

"आन् वरनं भात कुणी वतला?" बनाबाईने विचारले.

"म्याच. सुगी झाली का वततो. दर साली."

"मंग कागद लागला तर?"

"लागलाच न्हाई की कदी."

बनाबाईने कपाळावरचा पदर मागे सारला आणि कणगीकडे पाहिले. माणसाच्या छातीइतकी उंच, शेणाने नीट सारवलेली. वेल्ह्याहून उत्रोलीची ही तिची तिसरी खेप. नसरापूरपर्यंत बैलगाडी, पुढे भोरपर्यंत मोटार, तिथून चालत. आणि प्रत्येक खेपेला घरच्या तीन म्हशी शेजारणीच्या हवाली. परक्या हाताला म्हैस पान्हा सोडत नाही, त्यामुळे प्रत्येक खेपेनंतर दोन दिवस तुपाच्या गिऱ्हाइकांची बोलणी ऐकावी लागत. पहिल्या खेपेस पेन्शनचे पुस्तकच सापडले नव्हते. दुसऱ्या खेपेस ते देवाच्या तसबिरीमागे सापडले, तेव्हा हवालदाराला आठवले की आपण एक मृत्युपत्रही केले होते. कुठे ठेवले ते मात्र आठवेना. आता तेही आठवले होते.

"उपसा," ती म्हणाली.

पडवीत तिचा भाऊ चिमाजी पान जमवीत बसला होता. हवालदाराशी तिचा पाट, म्हणजे दोघांचेही दुसरे लग्न, ठरवला त्यानेच. माणूस शांत, पेन्शनीचा, निर्व्यसनी. बसऱ्याच्या लढाईत पायाला गोळी लागून परत आलेला. बायको वारलेली, मूलबाळ नाही. बनाबाईला नाव ठेवायला जागा नव्हती. तिची अट एकच होती : पाटाआधी कागद. लोक हसले. पाट लावायचा की दावा, असे वेल्ह्याच्या बाजारात एकाने तिला तोंडावर विचारले. तिने तूप मोजता मोजता उत्तर दिले होते, "दावा नगं म्हून तर कागद."

तिला हे हसण्यावारी नेणे परवडणारे नव्हते. पहिला नवरा तापाने गेला तेव्हा घरावर त्याचे नाव नव्हते, आणि तिचे तर कुठेच नव्हते. तेराव्या दिवसाची पंगत उठली आणि चौदाव्या दिवशी दिराने तिच्या हातात एका पारडीचे दावे दिले. त्या पारडीपासून बारा वर्षांत तिने तीन म्हशी उभ्या केल्या होत्या. उत्रोलीला यायचे म्हणजे त्या विकायच्या आणि वेल्ह्याचे खोपट मोडायचे. पुन्हा एकदा कुणाच्या पंगतीनंतर दावे हातात घेऊन उभे राहण्याचे तिचे वय आता नव्हते.

कणगी उपसायला दुपार गेली. सावळारामाचा धाकटा भाऊ गेनबा मदतीला आला होता. म्हणजे उंबऱ्यावर बसून बोलत होता.

"वैनी, घर बगायला आलाय का कणगी?"

"अजून वैनी झाले न्हाई. घमेलं धरा."

भाताच्या राशीने माजघर भरले, कोंबड्या आत शिरल्या, चिमाजीला तुसाची शिंक लागली. शेवटी हवालदार कमरेपासून वाकून कणगीत उतरला आणि नळकांडे घेऊन वर आला. पलटणीत तो अक्षर शिकला होता. पण स्वतःचेच मृत्युपत्र वाचताना तो असा अडखळत होता, जणू दुसऱ्याचे पत्र चोरून वाचतो आहे.

मजकूर थोडा होता. राहते घर आणि ओढ्याकाठचे भातखाचर माझ्यामागे माझी बायको चंद्राबाई, बाप धोंडजी, राहणार भाटघर, हिला मिळावे. तिच्यामागे माझा धाकटा भाऊ गेनबा याला मिळावे.

चंद्राबाईला जाऊन सहा वर्षे झाली होती.

"म्हंजी आज तुमास्नी कायबाय झालं," बनाबाई सावकाश म्हणाली, "तर घर गेनबांचं."

"म्या काय तुमाला बाहीर काडनार हाय का?" गेनबा दुखावल्यासारखा म्हणाला.

"माजा पयला दीर बी असंच म्हनायचा. तुमच्यापरास गोड बोलायचा."

मग तिने पेन्शनचे पुस्तक मागितले. तिला वाचता येत नसे. पण कोणत्या पानावर शिक्का आहे, कुठे रकाना आहे, हे ती ध्यानात ठेवत असे. तिने एका रकान्यावर बोट ठेवले. "हितं काय लिवलंय?"

"वारस."

"कोन?"

सावळारामाने पुस्तक मिटले. "चंद्राबाई."

"हितं बी? सहा वर्सं झाली, तुमी दर सहा म्हयन्यांनी पुन्याला जाता. एकदा बी सांगितलं न्हाई?"

"ऱ्हायलं."

"बारा खेपा ऱ्हायलं?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. इतका वेळ तो काही शोधत होता आणि ते त्याला सापडले, असे दिसले.

"बनाबाई, येक उपाय हाय. पाट लागला का नवरीचं नाव बदलतातच की न्हाई?"

"बदलतात."

"मंग तुमचं नाव चंद्राबाई ठिवू. पुस्तकात चंद्राबाई, मृत्युपत्रात चंद्राबाई, घरात बी चंद्राबाई. येक अक्षर बदलाया नगं. भोरला जाया नगं, पुन्याला जाया नगं."

"ब्येस!" गेनबा म्हणाला. "पलटणीचं डोकं हाय हे."

पडवीतून चिमाजीनेही मान डोलावली. रीतीला धरून होते आणि खेप वाचत होती. क्षणभर त्या घरात बनाबाई सोडून सगळेजण समाधानी होते, कोंबड्यासुद्धा.

ती उठली, पायाखालचा भात झटकला आणि म्हणाली, "हवालदार, त्या कागदात फुडं काय लिवलंय? बाप धोंडजी, ऱ्हानार भाटघर. माजा बाप रखमाजी. नाव बदलीन. बाप बी बदलू का?"

हवालदाराने कागद पुन्हा उलगडून ती ओळ पाहिली.

"आन् तुमच्यामागं गेनबा कचेरीत जाऊन म्हनले, का ही ती चंद्राबाई न्हवं, तिला तर म्याच खांदा दिला, तर म्या काय दावू? मेलेल्या बाईचं नाव घिऊन जित्या बाईनं कुटं हुबं ऱ्हायचं?" मग ती भावाकडे वळली. "दादा, तुमी मान कशाला हालवली?"

"म्या शिंकलो," चिमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेनबासकट चौघे भोरला गेले. कचेरीसमोरच्या वडाखाली एक वयस्क अर्जनवीस बसत असे. चष्म्याची एक काडी दोऱ्याची. त्याने दोन्ही कागद वाचले, पुन्हा वाचले आणि व्यवस्थित सांगितले : नवे मृत्युपत्र करता येईल, पेन्शनच्या कचेरीलाही अर्ज करता येईल. दोन्हीसाठी पहिले वाक्य एकच. "माझी बायको चंद्राबाई अमुक साली, अमुक महिन्यात मयत झाली. तिथी सांगा, हवालदार."

हवालदार वडाच्या पारंब्यांकडे पाहू लागला.

"महिना तरी?"

"थंडीचे दिस व्हते."

"थंडी चार महिने असते."

बनाबाईचा संयम तिथे संपला. "सवताच्या बायकूची तिथ ठावं न्हाई? श्राद्ध कदी घालता मंग?"

"गेनबा घालतो," तो म्हणाला. मग अर्जनवीसाकडे नव्हे, तिच्याकडे पाहून म्हणाला, "तिथ ठावं हाय मला. तितं पुन्याला पेन्शन घ्याया गेलं का खिडकीवरचा बाबू पुस्तक बगतो आन् इचारतो, चंद्राबाई बऱ्या हाईत का? पयल्या खेपंला त्वांडातनं निगून गेलं, बऱ्या हाईत. मंग दर खेपंला तेच. गावात समद्यास्नी ठावं हाय, ती न्हाई. तेवढी येकच खिडकी ऱ्हायली व्हती."

अर्जनवीसाने लेखणी दौतीत बुडवली आणि तशीच धरून ठेवली.

बनाबाईला राग आला होता, तो गेला नाही. सहा वर्षे या माणसाने सरकारला फसवले, तेही कशासाठी, तर कुणीतरी खुशाली विचारावी म्हणून! आणि तेवढ्यासाठी तिच्या म्हशी आटायला लागल्या. पण त्या रागाला आता बसायला नीट जागा मिळेना. तिने कनवटीची गाठ सोडली आणि चिंधीत गुंडाळलेला चांदीचा एक छोटा टाक वडाच्या पारावर ठेवला. त्यावर बाईची आकृती होती.

"ही चंद्राबाईंचीच मूर्त," ती म्हणाली. "येल्ह्याच्या सोनाराकडनं घडवून घेतलीया. माज्या जोडव्यांची चांदी हाय. बिजवराला करायचं तर सवतीचा टाक गळ्यात घालाया लागतो, ती रीत मला बी ठावं हाय. घालीन. सनावाराला तिला निवद दाविन, मंग जेवीन. तुमी गळ्याकडं बगून खुशाली इचारा, म्या सांगीन, बऱ्या हाईत. पर कागदाव येकच जागा हाय, हवालदार. तितं जिती बाई पायजे."

सावळारामाने टाक उचलला. अंगठ्याने त्याची कड चाचपली. मग तो तसाच मुठीत धरून, परेडवर उभा राहावा तसा ताठ उभा राहिला.

"लिवा," तो अर्जनवीसाला म्हणाला. "मार्गशीर्ष वद्य पंचमी. शुक्रवार. दिस उगवताना."

लेखणी सरसर चालू लागली. घर आणि ओढ्याकाठचे खाचर माझ्यामागे बनाबाई, बाप रखमाजी, राहणार वेल्हे, हिला मिळावे. तिचे नाव आले तेव्हा तिने वाकून पाहिले आणि अक्षरे कुठून सुरू होतात, कुठे संपतात, हे ध्यानात ठेवले. चिमाजीने साक्षीदार म्हणून अंगठा उठवला. दुसरी साक्ष गेनबाची असावी, असा तिचा हट्ट होता. त्याने उद्या कुठे जाऊन काही म्हणण्यापेक्षा आज अंगठा उठवलेला बरा. गेनबाने उठवला. त्याचे तोंड कडू झाले होते, पण अंगठा स्पष्ट उठला.

"आता पेन्शनचा अर्ज," अर्जनवीस म्हणाला. "हवालदार, वय?"

"अठ्ठेचाळीस."

अर्जनवीसाने चष्मा पुढे सरकवून पुस्तक डोळ्यांजवळ नेले. "यात तर बावन्न निघतं. आधी हे जुळायला हवं."

"भरतीच्या वक्ताला चार वर्सं वाडवून सांगितलं व्हतं," हवालदार खाली पाहत म्हणाला. "बारीक व्हतो. घेत नव्हते."

बनाबाई मोटारीसाठी उठली होती. ती पुन्हा पारावर बसली, टाक त्याच्या मुठीतून काढून घेतला, कनवटीला नीट गाठ मारली आणि म्हणाली, "दादा, येल्ह्याला सांगावा धाडा. म्हशींचं आज बी शेजारीणच बगंल म्हनावं."