सासूबाईंचा ट्रे

मीटर बसवायला आलेल्या माणसाने मागच्या खोलीत डोकावून विचारलं, "हे कपाटाएवढं काय आहे?" आमच्या ह्यांनी पापणीही न हलवता सांगितलं, "हीटर. आईला थंडी सोसत नाही."

ते अंडी उबवायचं यंत्र होतं. राहत्या वस्तीत पिल्लं काढायला परवानगी लागते, आणि त्या भानगडीत आम्ही कधी पडलो नव्हतो. त्या माणसाने "हीटर" अशी नोंद केली, त्या तारेवर वेगळी डबी बसवली आणि समजावलं, की आता वीज वाऱ्या-उन्हापासून येणार, ती भरपूर असेल तोवर सगळं चालेल. वीज कमी पडली तर ज्याच्यावाचून अडत नाही ते आपोआप थोडा वेळ बंद होईल. हीटर सगळ्यांत आधी. तो गेल्यावर हे मला म्हणाले, "होईना का बंद. आपल्याकडे कुठे हीटर आहे?" स्वतःच्या थापेवर इतक्या पटकन विश्वास ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

यंत्र अधूनमधून बंद पडायचं, पण तेवढ्यापुरती ऊब आत टिकायची. आमचं काही बिघडलं नाही. उलट भलंच झालं. गावाबाहेरचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं, वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसेना आणि सासूबाईंची छाती मोकळी झाली. पिल्लू बाहेर यायच्या आदल्या दिवशी अंडं कानाला लावलं की आतली चिवचिव ऐकू येते. ती ऐकायचा मान आमच्या घरी त्यांचा. पूर्वी त्यासाठी त्यांना श्वास रोखून धरावा लागे, कारण छातीत घरघर इतकी की दुसरं काही ऐकूच येत नसे. आता त्या आरामात बसून ऐकायच्या.

थंडीच्या सुरुवातीला रोग आला आणि त्यांच्या सगळ्या कोंबड्या गेल्या. त्या काळ्या, ठेंगण्या कोंबड्या त्यांनी लग्न होऊन आल्यापासून सांभाळल्या होत्या. तसली जात आसपास कुणाकडेच उरली नव्हती. रोगाच्या आधी यंत्रात ठेवलेला एक ट्रे तेवढा शिल्लक होता. पिल्लं निघायच्या आदल्या सकाळी सासूबाईंनी त्यातली अंडी ऐकली आणि म्हणाल्या, "बोलतायत गं."

दुपारी यंत्र बंद पडलं. आभाळ भरलेलं, वारा ठप्प, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. पुष्कळ वेळ झाला तरी वीज येईना. यंत्रातल्या तापमानाचा काटा खाली सरकायला लागला.

ह्यांनी शहाणपणा केला. यंत्राची तार ओढून स्वयंपाकघरात जोडली. अशा दिवशी प्रत्येक घराला ठरावीकच वीज मिळते. मीटरने जादा भार ओळखला आणि अख्खं घर बंद केलं.

माझ्या नणंदेची मुलगी वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात आहे. तिला फोन लावला.

"मामी, तुमची लाइन हीटरमध्ये आहे," ती म्हणाली. "आज सगळ्यांचे हीटर बंद आहेत."

"अगं, तो हीटर नाहीये. तुझ्या आजीची अंडी आहेत त्यात."

ती म्हणाली, "नोंद बदलली तरी उद्यापासून लागू होईल. माझ्या हातात बटण नाही, मामी. मशीनच ठरवतं. हॉस्पिटलं, पाण्याचे पंप चालू ठेवायचेत. एवढ्यानेही भागलं नाही तर कोळशाचं केंद्र परत पेटवतील." मग हळूच म्हणाली, "आजीला सांगू नका मी काय म्हणाले ते."

मी फोन ठेवला. शिव्या घालायला कुणीतरी हवं होतं. त्या पोरीने माझं काय घोडं मारलं होतं? आणि ते धुराडं पुन्हा पेटू दे, असं तर मनातही आणवत नव्हतं. मी हात टेकले.

स्वयंपाकघरातली तार काढल्यावर घरातली वीज परत आली, यंत्राची नाही. किटलीत पाणी तापवून बाटल्या भरल्या, रजया गुंडाळल्या. बाटली ठेवायला दार उघडलं की असलेली ऊब निघून जायची. हे यंत्राला पाठ लावून बसले होते. "खरं सांगितलं असतं तर," एवढंच म्हणाले. मी त्यांना बोलणार होते, पण तोंडाकडे बघून राहू दिलं. सासूबाईंनी आपला ट्रे मागून घेतला आणि एकेक अंडं शालीखाली, पोटाशी धरून बसल्या.

दिवेलागणीला वारा सुटला. यंत्र घरघरत सुरू झालं, आतला पंखा फिरला, काटा चढायला लागला. माझ्या मोबाइलवर वीज कंपनीचा निरोप आला, की तुमच्या सहकार्यामुळे आज कोळसा जाळावा लागला नाही. ते खोटं नव्हतं.

सासूबाईंनी एक अंडं कानाला लावलं. मग दुसरं. मग पहिलंच पुन्हा.

"ते यंत्र जरा बंद कर रे," त्या म्हणाल्या. "त्याच्या आवाजात ऐकू येत नाही."

दिवसभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते यंत्र ह्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलं. सासूबाईंनी पुन्हा अंडं कानाला लावलं. आता त्यांना श्वास रोखावा लागत नव्हता. छातीत जराही घरघर नव्हती. खोलीत कसलाच आवाज नव्हता.