विकराच्या अहवालात खोबरं

अहवाल वाचला आणि मी खुर्चीतून उठलेच. "मयुरी, केळीत नारळ कुठून आला गं?"

मयुरी माझी विद्यार्थिनी, फैजपूरच्या केळीवाल्यांची. चार वर्षं ती एकाच विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, मागे हात धुऊन लागली होती. तिच्या वडिलांच्या, तोतारामनानांच्या, बांधावर केळीचे खांब कुजत पडलेले असतात. त्यातल्या जिवाणूंचं हे विकर खांबातला चिकट भाग विरघळवतं आणि धागा मोकळा करतं. ते आधीच कुणाला सापडलेलं असेल, तर प्रबंध बुडाला. याचा निकाल आमच्या जळगावच्या प्रयोगशाळेतलं मास स्पेक्ट्रोमीटर देणार होतं.

यंत्राचं काम सांगायला सोपं. विकर म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ती ठिकठिकाणी तोडायची, तुकड्यांची वजनं करायची आणि वजनांतल्या फरकावरून कुठला मणी कुठे होता ते ओळखायचं. यंत्राने माळ बरोबर ओळखली होती, पण नारळाची!

मी धुळ्याची, राग पोटात ठेवणं मला जमत नाही. "डब्यात खोबऱ्याची चटणी आणलीस आणि हात न धुता कामाला बसलीस, हो ना?"

ती खाली बघत म्हणाली, "नाही मॅडम. त्या दिवशी खंडेनवमी होती."

तपासणीआधी विकर जेलच्या लिबलिबीत वडीत पट्ट्यासारखं वेगळं काढतात. तो पट्टा कापायचं पातं तिने पाटावर मांडलं होतं. हळद-कुंकू वाहिलं, नैवेद्य म्हणून पात्यावरच खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मग पातं रुमालाने पुसलं आणि त्याच पात्याने पट्टा कापला.

"घरी विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत बठ्ठ्याची पूजा होते," ती म्हणाली. "माझं हत्यार तर हेच."

कपाळ माझं! मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. पोर मात्र रडवेली झाली होती. शुद्ध केलेलं विकर नळीच्या तळाशी जेमतेम उरलं होतं, एका खेपेपुरतं. माझ्या कामासाठी ठरलेली यंत्राची पाळी मी तिला देऊन टाकली. नवं पातं पाकिटातून मीच काढून दिलं. तिने उरलेलं विकर पुन्हा जेलवर चढवून नवा पट्टा कापला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर माळ जुळू लागली. दोन अमिनो आम्लांचं वजन अगदी सारखं असतं, तिथे यंत्राने हात टेकले. बाकी बरीचशी माळ नीट वाचता आली. मग जगभरात नोंदवलेल्या प्रथिनांशी ती ताडून पाहिली. थोडीफार जुळणारी पुष्कळ निघाली, पुरती जुळणारी एकही नाही. मयुरीने पुन्हा ताडून पाहिलं. नाहीच! मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीत एक धपाटाच घातला.

तिने तिथूनच स्पीकरवर घरी फोन लावला. "नाना, आपलं विकर जगात कोनालेच सापडलं नई! फक्त आपल्या बांधावर हाये!"

पलीकडे कसली तरी घरघर चालली होती.

"नाना? आयकू राह्यले ना?"

"आयकू राह्यलो, माय," नाना म्हणाले. मग हळूच त्यांनी विचारलं, "पन बांध साफ कराले जेसीबीवाला आलेला हाये. त्याले परत पाठवू का?"

मी मयुरीच्या हातातून फोन हिसकावला. "नाना, कुजक्या खांबांच्या त्या ढिगाला कुणी हात लावला, तर मी फैजपूरला येऊन जेसीबीपुढे आडवी पडेन!"